पॅन्सीचा डेमो आणि पॅन्सीचा हिवाळा

दिवाळी सरली की नर्सरीतल्या कुंड्यांमधून मांजराच्या तोंडासारखी छोटी छोटी फुलं आपल्याकडे टक लावून बघायला लागतात. तीच पॅन्सी. फ्रेंचमध्ये 'पाँसे' म्हणजे विचार, त्यावरून हे नाव पडलं. दिसायला नाजूक फूल, पण हिचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास वाचला तर तो चक्क टेस्टिंगचा इतिहास आहे, बरं का मंडळी! परीक्षेत काय विचारलं जातं, त्यावर झाड कसं घडतं, याचा.

सुरुवात इंग्लंडमधली. १८०७ साली कोपनहेगनवर तोफा डागणारा अ‍ॅडमिरल गॅम्बियर पुढे बकिंगहॅमशायरमधल्या आयव्हर गावी राहत होता. १८१३-१४ च्या सुमारास त्याने आवारात उगवलेली रानटी 'हार्ट्सईज'ची काही रोपं उपटून आणली आणि माळी विल्यम थॉम्पसनच्या हातात दिली. थॉम्पसन भलताच चिकाटीचा. दरवर्षी बी धरायचं, त्यातली चांगली रोपं ठेवायची, बाकीची काढून टाकायची. शिवाय दुसऱ्या जातींशी संकर. रानटी फुलावर नुसत्या बारीक काळ्या रेघा असायच्या. १८३९ च्या सुमारास त्याला आपोआप रुजलेलं एक रोप सापडलं. त्याच्या फुलात रेघांच्या जागी भरीव डाग होता आणि मांजराचं तोंड दिसत होतं. त्याने नाव ठेवलं 'मेडोरा'. आज आपण ज्याला पॅन्सीचा चेहरा म्हणतो, तो तिथून आला.

मग काय, लोकांना वेडच लागलं. १८४१ मध्ये लंडनजवळच्या हॅमरस्मिथला खास हार्ट्सईजसाठी मंडळ निघालं, १८४५ मध्ये स्कॉटलंडमध्येही निघालं. प्रदर्शनं सुरू झाली आणि त्यासोबत नियम. फूल गोल हवं, सपाट हवं, पाकळी जाड आणि कडेला गुळगुळीत हवी, डाग भरीव, मधला डोळा पिवळाधमक. सगळं कसं अगदी काटेकोर!

पण गंमत बघा. टेबलावर यायचं ते फक्त तोडलेलं फूल. झाड कुठे होतं? घरी, वाफ्यात. ते लुकडं आहे का, पावसात लोळतं का, थंडीत टिकतं का, हे परीक्षकाला दिसायचंच नाही. आणि जे तपासलंच जात नाही, त्याच्याकडे कोण लक्ष देणार? वर्षानुवर्षं निवड होत गेली ती फुलाची, झाडाची नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर डेमो झकास, पण प्रॉडक्शनमध्ये बोंब.

हे बदललं स्कॉटलंडमध्ये. एडिंबरोच्या जेम्स ग्रीव्हने १८६० च्या दशकात प्रदर्शनी पॅन्सीचा रानटी जातींशी संकर करायला घेतला. (याच्याच नावाचं सफरचंद आजही प्रसिद्ध आहे.) त्यातली एक होती पिरेनीज पर्वतातली व्हायोला कॉर्न्युटा. हिची फुलं लहान, पण झाड बुंध्यातून फुटवे काढत पसरतं आणि थंडी सोसतं. पुढे बेरिकशायरमधल्या चर्नसाइडच्या डॉ. चार्ल्स स्टुअर्टने त्याच वाटेने १८८० च्या दशकात 'व्हायोलेटा' तयार केली. लहान, सुवासिक, रेघा नसलेली. आज ज्यांना आपण 'व्हायोला' म्हणतो, त्या या घराण्यातल्या. यांचं काम वाफा भरून टाकायचं, टेबलावर मिरवायचं नाही.

त्याच काळात चार्ल्स डार्विनही हार्ट्सईजच्या मागे होता. १८७६ च्या पुस्तकात त्याने एक प्रयोग नोंदवला आहे. एका गटातली रोपं स्वपरागीभवनाच्या बियांची, दुसऱ्यातली दोन वेगळ्या झाडांच्या संकराची. संकरित रोपांची सरासरी उंची १०० धरली तर दुसऱ्यांची भरली ४२! पण मला जास्त आवडलं ते पुढचं. कडाक्याच्या थंडीत स्वपरागित रोपं जवळपास साफ झाली आणि संकरित रोपं त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगली टिकली. म्हणजे एकच हिवाळा, शेजारी शेजारी लावलेले दोन गट, आणि शेवटी मोजणी. खरी परीक्षा म्हणतात ती ही.

पुढे एफ-वन संकरित बियाण्याने हाच धडा धंद्यात आणला. जपानच्या साकाताच्या 'मॅजेस्टिक जायंट्स' पॅन्सीला १९६६ साली 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चा पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या दक्षिण भागात ऑक्टोबरमध्ये पॅन्सी लावून थेट वसंतापर्यंत फुलवायची पद्धत रुजली आणि प्रश्नपत्रिकाच बदलली. आता विचारायचं ते हे: गोठण येऊन गेल्यावर किती रोपं उभी आहेत? किती दिवसांत पुन्हा फुलली?

या परीक्षेत लहान फुलांच्या व्हायोला बहुधा बाजी मारतात. मोठं फूल पावसाने, बर्फाने जड होऊन लोळतं, लहान फूल झटकून उभं राहतं. मातीचाही हात आहे. साधारण २१ अंशांपेक्षा गरम मातीत रोप लावलं तर ते लांबुडकं होतं, मुळं कुजायची भीती. माती ७ अंशांच्या खाली गेली की मुळं अन्न नीट घेत नाहीत. शिवाय थंड मातीत अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सुस्तावतात, म्हणून तिथे हिवाळ्यात थेट नायट्रेटचं खत देतात. मुळं जमण्याइतकी ऊब आणि कुजणार नाहीत इतका गारवा, या दोहोंच्या मधल्या काही आठवड्यांत लागवड उरकायची.

आता आपल्याकडे या. पुण्यात पॅन्सीला थंडी मारत नाही, मार्च मारतो. म्हणजे पाकिटावर 'हिवाळ्यात टिकणारी' असं लिहिलेलं वाण आपल्या परीक्षेत पास होईलच असं नाही, कारण ते पास झालंय ते दुसऱ्याच पेपरात. उपाय सोपा आहे. दोन-तीन वाणं घ्या, पैकी एक तरी लहान फुलांची व्हायोला. सारख्या कुंड्या, सारखी माती, एकाच दिवशी लागवड. दर रविवारी फुलं मोजून एक्सेलमध्ये टाका (तेवढं तर येतंच आपल्याला). जानेवारीत सुंदर कोण दिसतं, याला फार मार्क देऊ नका. मार्चच्या शेवटी कोण उभं आहे ते बघा, आणि पुढच्या वर्षी तेच लावा.