हवेच्या स्प्रिंगचा इतिहास आणि आपली जुनी गाडी

बंगळूरच्या मारतहळ्ळीहून बोलतोय. हे नाव ऐकलं की आपल्या माणसाला मराठे आठवतात. इथले काही लोक मात्र सांगतात, की हे नाव शेजारच्या एचएएलमध्ये बनलेल्या 'मारुत' विमानावरून पडलं. १७ जून १९६१ रोजी मारुत पहिल्यांदा उडालं. नावाचा वाद बाजूला ठेवू. मारुत म्हणजे वारा, आणि आजचा विषयही वाराच आहे: जुन्या महागड्या गाड्यांना पेलून धरणारी हवा.

तक्रार ठरलेली असते. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर घरघरतो आणि ती हळूहळू उठते. मालक विचारतो, "हे सगळं काढून साधी स्प्रिंग टाकू का?" हा प्रश्न साठ वर्षांहून जुना आहे, म्हणून आधी इतिहास पाहू.

आम्ही फौजेत कमानपाट्यांवर वाढलो. जबलपूरच्या शक्तिमान ट्रकचा एखादा पाटा तुटला तरी गाडी मुक्कामाला पोहोचायची. पण पोलादाची एक मर्यादा आहे. त्याची ताकद कारखान्यातच ठरते. पूर्ण भारासाठी बनवलेली स्प्रिंग रिकाम्या गाडीला धक्के देते, आणि मऊ स्प्रिंग भाराखाली बसते. हवेचं तसं नाही. भार वाढला की दाब वाढवा, कमी झाला की सोडा. गाडीची उंची तीच राहते.

हा फायदा आधी बसला मिळाला. रिकामी आणि भरलेली बस यांच्या वजनात फार फरक असतो. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या बस हवेवर धावू लागल्या आणि टिकल्या. त्याच कंपनीने १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम या अतिमहाग मोटारीत चारही चाकांना हवा दिली, आणि १९५८ मध्ये इतर गाड्यांनाही देऊ केली. तिथे ती फसली. गळती सुरू झाली, गाड्या बसू लागल्या, आणि अनेक मालकांनी हवा काढून पोलादी स्प्रिंगा बसवल्या. आजचा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता!

युरोपने नाद सोडला नाही. फ्रान्समध्ये सित्रोएनच्या पॉल माजेस यांनी तेल आणि नायट्रोजन यांची जोडी जमवली. १९५५ ची डीएस तिच्यावर उभी होती. मर्सिडीझने १९६१ च्या ३०० एसईमध्ये आणि १९६३ च्या ६०० मध्ये हवा वापरली. पुढे १९९८ च्या एस-क्लासमध्ये 'एअरमॅटिक' आली आणि हवेवरची गाडी जगभर पसरली. आज त्या पिढीच्या गाड्या छोट्या नव्या गाडीच्या किमतीत मिळतात. गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. मालक अडकतो तो इथेच.

आता मूळ मुद्दा. बसमध्ये जी हवा टिकली, ती मोटारीत का फसली? आपल्याकडची शिवनेरी बघा, कर्नाटकची ऐरावत बघा. त्या व्होल्वो बसही हवेच्या फुग्यांवरच चालतात. पण आगारात फुगा हा टायरसारखा झिजणारा भाग मानतात: तपासतात, भेग दिसली की बदलतात. मोटारीचा मालक मात्र तो गाडीच्या आयुष्याला पुरेल असं समजतो. फुगा म्हणजे दोऱ्यांनी मजबूत केलेलं रबर. ते जिथे घडी घालतं तिथे वयाने भेगाळतं. गाडी कमी चालली म्हणून ते तरुण राहत नाही.

पहिली भेग बारीक असते. ती झाकण्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो आणि जळतो. म्हणजे फुग्याची दुरुस्ती टाळली, तर खर्च दोन भागांचा होतो. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने गळती शोधा: फुगा, नळीचा सांधा, व्हॉल्व्हचा ठोकळा. कॉम्प्रेसर गेला असेल तर त्याचा रिलेही बदला. चिकटलेला रिले नवा कॉम्प्रेसरही जाळतो. बसलेली गाडी चालवू नका, घडीतलं रबर फाटतं. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. आधी स्टँड लावा, दाब सोडा. हा सल्ला नाही, हुकूम समजा.

मग साधी स्प्रिंग टाकायची का? गाडी रोजच्या कामाची असेल आणि खिसा परवानगी देत नसेल, तर टाका, त्यात लाज नाही. पण स्प्रिंग त्याच गाडीच्या वजनाची हवी. उंची राखण्याची सोय जाईल, आणि इशाऱ्याचा दिवा विझवण्याची वेगळी व्यवस्था करावी लागेल. गाडी जपून ठेवायची असेल तर हवाच राखा, मूळचे भाग सांभाळा. आज एल्डोराडो ब्रूमचा शौकीन आधी हेच विचारतो, की हवा मूळची आहे का?

आमच्याकडे एक नियम होता: जे सांभाळता येत नाही, ते ताफ्यात घेऊ नका. जुनी महागडी गाडी घेताना तिच्या किमतीसोबत चार फुगे आणि एका कॉम्प्रेसरची किंमतही आधी कागदावर मांडा. बेरीज झेपली तर खुशाल घ्या. जय हिंद.