न हलणाऱ्या हाताची साक्ष

कारखान्यात मोटर बंद पडली की जाणता वायरमन ती जळाली असे लगेच म्हणत नाही. तो मोटरला थेट वीज जोडून पाहतो. ती फिरली, तर दोष वाटेत कोठेतरी आहे. आम्ही शिकलो ते अशाच माणसांजवळ. म्हणून क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाचा प्रयोग आम्हांला परका वाटला नाही.

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचे विष लावीत. बाण लागलेले जनावर निमूटपणे कोसळे. पाहणाऱ्यास वाटे, किती सुखाचे मरण! बेर्नारने या विषाची परीक्षा बेडकावर केली. 1856 साली ती प्रसिद्ध झाली. विष भिनलेल्या बेडकाच्या मज्जातंतूला विजेचा धक्का दिला. स्नायू हलला नाही. धक्का थेट स्नायूला दिला, तो आकसला. म्हणजे स्नायू शाबूत होता, तंतूचा हुकूम मात्र त्याच्यापर्यंत पोचत नव्हता.

मग त्याने एका पायाचा रक्तपुरवठा बांधला, तंतू मोकळा ठेवला आणि विष टोचले. बाकीचे अंग लुळे पडले. त्या लुळ्या अंगाला चिमटा घेताच वाचविलेला पाय झटकला गेला! चिमट्याची खबर आत पोचत होती. गेले होते ते फक्त ती सांगण्याचे साधन.

याचा उलगडा पुढे झाला. तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन हे रसायन स्रवते, हे हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1936 साली दाखविले. त्या रसायनाने स्नायूवर जेथे बसावयाचे, ती जागाच क्युरारे अडविते.

1942 साली मॉन्ट्रियल येथे ग्रिफिथ व जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेत भुलीच्या जोडीला क्युरारे वापरले. तथापि क्युरारेने शुद्धही हरपते, असे काही डॉक्टरांना वाटे. तेव्हा अमेरिकेत स्कॉट स्मिथ या डॉक्टरने ते स्वतःलाच टोचून घेतले. श्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवावा लागला, बोटही हलेना. पण शुद्ध पूर्ण होती आणि वेदनाही कळत होती. हा वृत्तांत 1947 साली प्रसिद्ध झाला.

आज भूलतज्ज्ञ मनगटाजवळच्या तंतूला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने विजेचे चार धक्के देतात आणि अंगठा किती वेळा हलतो ते पाहतात. ही रीत 1970 सालची. परंतु अंगठा सांगतो तो औषधाचा अंमल. रोगी झोपला आहे की नाही, याची खात्री वेगळी करावी लागते.

कामगार गप्प आहे, म्हणजे त्याचे दुखत नाही, हा हिशेब संघटनेच्या कामात आम्ही पुष्कळदा ऐकला. तो सोयीचा असतो, खरा नसतो. बेडकाच्या एका मोकळ्या पायाने तो केव्हाच खोडून काढला आहे.