शिवडीचें ख्रिस्ती स्मशान

मुंबईच्या इतिहासाचीं साधनें शोधतांना दप्तरें व जुने कागद यांकडे जितकें लक्ष जातें, तितकें स्मशानांतील लेखांकडे जात नाहीं. म्हणून शिवडीच्या स्मशानाविषयीं येथें थोडें लिहावें, असें आम्हांस वाटतें.

पूर्वीं इंग्रजांचीं प्रेतें सोनापुरास पुरीत. हिंदूंचें दहनस्थान, मुसलमानांचें कबरस्तान व इंग्रजांचें दफनस्थान हीं तेथें शेजारीं शेजारीं होतीं. मुंबईच्या मराठींत ‘सोनापूर’ या शब्दाचा अर्थच पुढें स्मशान असा झाला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत (१८६१–६५) कापसाच्या व्यापारामुळें शहराची वस्ती फार वाढली, आणि वस्तींतील स्मशानें अधिकाऱ्यांस खुपूं लागलीं. हिंदूंचें दहनस्थान शिवडीस हलविण्याचा सरकारचा बेत होता. तो जगन्नाथ शंकरशेट यांनीं हाणून पाडला. १८६५ सालीं नाना वारले. त्याच सालीं म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं शिवडी येथील ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेची जागा दफनासाठीं घेतली. हिंदू सोनापुरासच राहिले. शिवडीस गेले ते साहेबलोक.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ही जागा आरंभीं नेमिली गेली ती युरोपियनांकरितां. केवळ ख्रिस्ती असणें पुरेसें नव्हतें. माझगांव, गिरगांव येथील मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांचीं दफनें त्यांच्या त्यांच्या चर्चच्या आवारांत होत. धर्म एक, परंतु माती निराळी, असा हा प्रकार होय.

बोरीबंदर स्टेशन व म्युनिसिपालिटीची इमारत बांधणारे शिल्पज्ञ फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १९०० सालीं वारले. त्यांची कबर येथें आहे. तीस वर्षांनीं, १९३० सालीं, त्याच भूमींत जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा यांस मूठमाती मिळाली. हे माझगांवचे ख्रिस्ती, लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६ च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष आणि १९२५ सालीं मुंबई कॉर्पोरेशनचे अध्यक्ष. ज्या म्युनिसिपालिटीनें गोऱ्यांसाठीं स्मशान काढिलें, तिचाच एतद्देशीय अध्यक्ष तेथें विसांवला.

हा पालट कसा घडला, हें एकट्या दगडांवरून कळणार नाहीं. कोरीव लेख ज्यास परवडला त्याचेंच नांव दगडावर राहतें. बाकीच्यांचीं नांवें दफनाच्या नोंदवह्यांत शोधावीं लागतात. दोन्ही ताडून पाहिल्यास स्मशानाची मूळची वर्णमर्यादा केव्हां व कोणासाठीं सैल झाली, याचा निर्णय करितां येईल. समुद्राकांठच्या खाऱ्या हवेनें अक्षरें झिजत असतात. तरी संग्राहकांनीं प्रथम लेखांचे ठसे घ्यावे, अर्थनिर्णय मागाहून करावा, अशी आमची विनंति आहे.