धाव आणि टायर : पुण्याच्या रस्त्यावरील एका शब्दांतराचा इतिहास

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते खुला झाला. त्या काळी पुण्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर जी लोखंडी पट्टी असे, तिला मराठीत ‘धाव’ असे नाव होते व आजही आहे. लोहार ती तापवून लाकडी चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळी. उन्हाळ्यात लाकूड आटून धाव सैल झाली, की गाडीवान चाके पाण्यात भिजवून ठेवी. सारांश, चाकाच्या कडेची निगा ऋतुमानाप्रमाणे घ्यावी लागते, हे ज्ञान येथील समाजास नवे नव्हते.

इंग्रजीतील ‘टायर’ या शब्दाचाही जुना अर्थ लोखंडी धाव हाच होय. रॉबर्ट विल्यम टॉमसन याने १८४५ साली हवेच्या चाकाचे पेटंट घेतले. परंतु व्यवहारात ते रुजले, ते १८८८ साली डनलॉप याने बेलफास्ट येथे तीच कल्पना स्वतंत्रपणे सिद्ध केल्यानंतर. इंग्रजीने लोखंडाचा शब्द रबराला दिला. मराठीने मात्र ‘धाव’ या शब्दाचा अर्थविस्तार न करता परका शब्द स्वीकारला. असे का व्हावे?

याचे उत्तर ध्वनींत नसून व्यवसायात आहे. धाव ही लोहार-सुतारांची वस्तू होती. टायर आला तो सायकलच्या दुकानात. सायकलींचे शहर म्हणून गाजलेल्या पुण्यात या दुकानाने स्वतःची परिभाषा घडविली. ‘ट्यूब’, ‘पंक्चर’, ‘वॉलट्यूब’ हे शब्द उसने असले, तरी क्रियापदे घरचीच राहिली. ‘पंक्चर काढणे’ हा प्रयोग ‘काटा काढणे’ याच्या धर्तीवर रूढ झाला असावा. झिजून नक्षी नाहीशी झालेल्या टायरास ‘गोटा’ म्हणतात. त्यात क्षौर केलेल्या डोक्याची उपमा स्पष्ट आहे.

या वारशाची दुसरी बाजू मात्र विचारणीय आहे. ‘हवा भरणे’ या प्रयोगात परिमाण नाही. सायकलस्वार अंगठ्याने टायर दाबून पाही व तो टणक लागला म्हणजे समाधान मानी. सायकलचा टायर अरुंद असून त्यात दाब पुष्कळ असतो. त्यामुळे ही परीक्षा तेथे कशीबशी चालून जाई. पुढे आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील स्कूटरी आणि त्यामागून मोटारसायकली पुण्यात घरोघरी आल्या, तेव्हा वाहन बदलले, पण परीक्षा अंगठ्याचीच राहिली. बुलेटच्या जुन्या माहितीपुस्तिकेत पुढच्या चाकास चौरस इंचास १८ व मागच्यास २८ पौंड दाब सांगितलेला आढळतो. मागे माणूस बसल्यास मागचा दाब वाढवावयाचा असतो. हा भेद अंगठ्यास कळणे शक्य नाही.

दाब कमी असल्यास टायराच्या बाजू अधिक लवतात, आतून तापतात आणि कडा लवकर झिजतात. वळणावर वाहन जड व अस्थिर वाटते. दाब अधिक असल्यास रस्त्याशी होणारा स्पर्श आखडतो व मधला पट्टा झिजतो. तापमानात १० अंश सेल्सियसचा फरक पडल्यास ३० पौंडांच्या टायरात सुमारे दीड पौंडाचा फरक पडतो. म्हणून दाब मोजावयाचा, तो गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना.

झीज हाही एक प्रकारचा लेखच होय. नित्य सरळ रस्त्याने जाणाऱ्याचा टायर मध्यभागी चपटा होतो. कात्रज, ताम्हिणी वा वरंधा घाटांत फिरणाऱ्याच्या टायराच्या बाजूही झिजतात. मध्यभागी चपटा झालेला टायर वळणावर कलताना एकदम कडेवर येतो आणि स्वारास दचका बसतो. पावसाळ्यात खाचांची खोली निर्णायक ठरते. कारण चाकाखालचे पाणी त्या खाचांतूनच बाहेर पडते. खाचांच्या तळाशी असलेले लहान उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले, की टायराचे आयुष्य संपले असे समजावे.

निवडीचेही तसेच आहे. ‘३.२५-१९’ या आकड्यांतील पहिला रुंदीचा व दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. ‘१००/९०-१७’ यात रुंदी मिलिमीटरमध्ये, मधला आकडा रुंदीशी उंचीचे शेकडा प्रमाण आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. केवळ शोभेसाठी अरुंद रिमवर रुंद टायर चढविल्यास त्याची गोलाई बिघडते व वळण घेण्याचा गुण घटतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मज्जाव असल्याने मोटारसायकलस्वार आजही जुन्या बोरघाटानेच उतरतात. १८३० च्या गाडीवानास धाव सैल झाल्याचे तिच्या खडखडाटावरून कळे. रबराचा टायर हवा कमी झाली तरी मूकच राहतो. शब्द बदलला, वस्तू बदलली. तिच्याबरोबर यावयास हवी होती ती मोजण्याची सवय. ती अद्याप भाषेत पुरतेपणी उतरलेली नाही. ‘हवा भर’ या आज्ञेत जेव्हा आकडा सहजपणे येऊ लागेल, तेव्हाच हे शब्दांतर पूर्ण झाले असे म्हणता येईल.