चहाच्या मेजावरील दोन वाद

इंग्लंडांत दुपारच्या चहाबरोबर जो लहान, गोल, खुसखुशीत पाव देण्यांत येतो, त्याचें नांव रोमन लिपींत लिहितांना कोणाचाच मतभेद होत नाहीं. वाद सुरू होतो तो तोंड उघडल्यावर. एक पक्ष त्यास 'स्कॉन' म्हणतो, दुसरा 'स्कोन'. रोमन लिपी हा भेद पोटांत घालते. देवनागरींत मात्र लेखणी टेकतांच कोणत्या तरी पक्षास जाऊन मिळावें लागतें. या पदार्थाची जन्मभूमि स्कॉटलंड असल्यामुळें तेथील 'स्कॉन' हेंच रूप येथें घेतलेलें बरें.

हा शब्द स्कॉट भाषेंत प्रथम आढळतो तो १५१३ सालीं, गॅव्हिन डग्लस या धर्मोपदेशक कवीनें केलेल्या व्हर्जिलच्या 'ईनीड' महाकाव्याच्या भाषांतरांत. त्या काळचा स्कॉन आजच्यासारखा फुगीर नव्हता. ओट अथवा जव यांच्या पिठाची जाड भाकरी लोखंडी तव्यावर भाजावयाची आणि तिचे चार तुकडे करावयाचे, अशी ती गरिबाघरची रीत होती. १८४३ सालीं बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानें, पत्नीला यीस्ट सोसत नसे म्हणून, बेकिंग पावडर तयार केली. अशा चूर्णांमुळें पीठ आंबविल्यावांचून फुगूं लागलें. तव्यावरची भाकरी भट्टींत गेली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळीं दुपारच्या चहाची चाल पडली तेव्हां ती श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत जाऊन बसली.

शब्दाचा प्रवास स्कॉटलंडांतून दक्षिणेकडे झाला, तसा उच्चाराचा घोटाळा वाढला. इंग्रजी स्पेलिंग येथें साक्ष देतें, पण दोन्ही पक्षांच्या बाजूनें. त्याच धाटणीचे 'बोन' व 'स्टोन' हे शब्द एका उच्चारास आधार देतात, तर 'गॉन' व 'शॉन' हे दुसऱ्यास. केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांनीं २०१६ च्या सुमारास केलेल्या बोलींच्या पाहणींत असें दिसलें कीं, स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड येथें 'स्कॉन' रूढ आहे, मध्य इंग्लंड व दक्षिण आयर्लंड येथें 'स्कोन', आणि उरलेल्या इंग्लंडांत दोन्हींची सरमिसळ आहे. उच्चारावरून माणसाचें कूळ आणि शिक्षण जोखण्याची संवय इंग्रज समाजांत जुनी आहे. अनेकांना एका शब्दावरून अपमान सोसावा लागला आहे. परंतु या शब्दापुढें ती संवय लटकी पडते. प्रत्येक पक्ष दुसऱ्यालाच दिमाखी ठरवितो, आणि शब्दकोश दोन्ही उच्चार नमूद करून मोकळा होतो.

दुसरा वाद वाढण्याच्या क्रमाचा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला डेव्हन व कॉर्नवॉल हे दोन परगणे असून त्यांच्यामधून टेमर नदी वाहते. दोन्हीकडे स्कॉनबरोबर मुरंबा आणि घट्ट साय देतात. दूध उथळ भांड्यांत मंद आंचेवर बराच वेळ तापवून तसेंच निवूं दिलें म्हणजे वर जो पिवळसर थर धरतो, तीच ही साय. मराठी गृहिणीस तिची निराळी ओळख करून देण्याची गरज नाहीं. डेव्हनकर आधीं साय लावितो आणि वर मुरंबा घालतो. साय ही लोण्याच्या जागीं आहे, असें त्याचें म्हणणें. कॉर्नवॉलकर आधीं मुरंबा पसरतो. ऊन स्कॉनवर साय वितळते, म्हणून तिला वरचें स्थान दिलें पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद.

डेव्हनमधील टॅव्हिस्टॉकचे लोक या खाण्याचा उगम आपल्या मठांत असल्याचें सांगतात. ९९७ सालीं तो मठ व्हायकिंगांनीं उद्ध्वस्त केला, त्याच्या पुनर्बांधणीच्या वेळीं मजुरांना पाव, साय व मुरंबा देत असत, अशी ती आख्यायिका. परंतु साखरेवरील कर ब्रिटनमध्यें उठला तो १८७४ सालीं, आणि मुरंबा सामान्यांच्या आवांक्यांत आला तो त्याच सुमारास. टेमरवरील ब्रुनेलचा रेल्वेपूल १८५९ सालीं खुला झाला होता. त्यावरून हवा पालटण्यास येणाऱ्या पाहुण्यांची वर्दळ वाढत गेली. परका मनुष्य दारांत आला म्हणजे आपलें वेगळेपण अधिक जपलें जातें. २०१८ सालीं कॉर्नवॉलमधील लॅनहायड्रॉक या ऐतिहासिक वाड्याच्या जाहिरातींत साय खालीं व मुरंबा वर दिसला, तेव्हां स्थानिक लोक इतके खवळले कीं व्यवस्थापकांना क्षमा मागावी लागली.

यांत विनोद पुष्कळ आहे. पण त्याखालीं एक खरी ओढ आहे. आगगाडी, शाळा आणि रेडिओ यांनीं इंग्लंडांतील पुष्कळ बोलींचे कंगोरे झिजविले. न्याहारीच्या मेजावर आईच्या तोंडून ऐकलेला शब्द आणि तिच्या हातानें लागलेला थर मात्र कोणत्याही शाळेच्या अभ्यासक्रमांत नव्हते, म्हणून ते वांचले. कॉर्नवॉलकर मुरंब्यासाठीं भांडतो तेव्हां तो आपल्या मुलखासाठींच भांडत असतो; आणि भांडण संपतांच टेमरच्या दोन्ही तीरांवर चहाचा दुसरा पेला भरला जातो.