दोन काटे, एक डबी

आमच्या पुतण्याने इंग्लंडात १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर घेतली. आपल्याकडच्या मद्रासी स्टँडर्ड हेराल्डची चुलत बहीण म्हणा ना! काटा पाव टाकी दाखवत असताना गाडी भर पावसात बंद. पेट्रोल खडखडाट! शेजारी सूनबाई. इंजिन गरम नसतानाही तापमानाचा काटा चढलेला.

पूर्वीचे काटे टाकीतले पेट्रोल हिंदकळले की नाचत. १९६०च्या दशकात स्मिथ्स कंपनीचे द्विधातू पट्टीचे संथ काटे आले. पण डायनॅमोची वीज कमीजास्त होणारी, म्हणून मागे स्टॅबिलायझरची डबी बसवली. तिच्यातली पट्टी तापली की जोड तुटतो, निवली की जुळतो. काट्यांना सरासरी १० व्होल्ट मिळतात. डबीचा अर्थ गंजून सुटला, की पट्टी तापतच नाही. बॅटरीचा सगळा दाब काट्यांवर, दोन्ही चढलेले!

एकच काटा चुकला तर त्याची वायर किंवा सेंडर बघावा. दोघे मिळून खोटे बोलले, तर आधी डबी. (आमच्या बी.ए.ला इतिहास होता, वीज नव्हती. हे सगळे म्हातारपणीचे वाचन.) पठ्ठ्या टाकी उतरवायला निघाला होता. फोनवर म्हटले, अरे, आधी डबीचा स्क्रू घासून बघ.

काटे खाली आले. सूनबाई मात्र अजून त्या गाडीत बसत नाही.