सूत्र, दृष्टांत आणि धड्यातला मुद्दा

मंडळी, 'उताऱ्याचा मुख्य विचार लिहा' म्हटलं की पोरं बहुधा पहिलीच ओळ उतरवतात. आपणही तेच केलं होतं की!

मराठीत या कामाला सातशे वर्षं झाली. चक्रधरस्वामींनंतर म्हाइंभटांनी आठवणी जमवून 'लीळाचरित्र' केलं. त्यातली स्वामींची वचनं केसोबासांनी वेगळी काढली, तो 'सूत्रपाठ'. त्यांचाच 'दृष्टांतपाठ' 114 दृष्टांतांचा. त्याची मांडणी बघा: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांत सूत्राला कसा लागू पडतो ते.

माहितीच्या धड्यातले आकडे, उदाहरणं हे दृष्टांतच समजा. आता इथल्या, तिसगावच्या वर्गात ऊसतोडीवरचा उतारा घेतला. पाऊस कमी, दिवाळीच्या सुमारास कुटुंबं कारखान्यांकडे निघतात, मुलं बरोबर जातात, शाळा सुटते. मुख्य विचार काय? पोरगं लिहितं, 'ऊसतोड'. हा झाला विषय. ऊसतोडीबद्दल काय म्हटलंय? 'लोक कारखान्यावर जातात.' बरं, मग पाऊस कशाला आला? शाळा कशाला आली? असं एकेक तपशील धरून विचारलं की पोरगं 'पाण्याच्या टंचाईची किंमत मुलांचं शिक्षण मोजतं' इथवर येतं. हेच दार्ष्टांतिक. आमच्या मते शाळेत आपण नेमकी हीच पायरी गाळतो.

एक अडचण राहतेच. सुट्या सूत्रावरून ते कुठल्या प्रसंगी म्हटलं हे कळत नाही. ती जोड देणारा 'प्रकरणवश' हा ग्रंथ महानुभावांनी पुढे रचला. तेव्हा मुलानं ओळ लिहिली की त्याला उताऱ्यात परत पाठवा: कशावरून काढलंस, बोट ठेवून दाखव.